युनूसभाईंच्या घरातला मुक्काम

"बेलापूरला बघण्यासारखं काय आहे?" असं मला पुण्यात तिघांनी विचारलं. एकीने तर ते नवी मुंबईतलं बेलापूर समजून कोणती बस पकडायची तेही सांगून टाकलं. मी म्हटलं, "श्रीरामपूरजवळचं बेलापूर. तिथे ओळखीच्या एकांचं घर आहे. त्यात मला दोन रात्री झोपायचंय." त्यावर कोणी पुढे काही विचारलं नाही.

पण काम खरोखर तेवढंच होतं. मस्कतच्या एका इस्पितळात मी अकरा वर्षं नर्स होते. युनूसभाई शेख त्याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं स्वयंपाकी. एवढ्या मोठ्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे कधीमधी रुग्णांच्या ताटांबरोबर माझ्यासाठी एक झाकलेली वाटी वर यायची. झाकण उचललं की आत पिठलं असायचं.

डिसेंबरात मी नोकरी सोडून कायमची परत निघाले, तेव्हा त्यांनी माझ्याजवळ एक पिशवी दिली. बायकोसाठी शाल, थोडा ऊद, हलव्याचा डबा. आणि म्हणाले, "सिस्टर, माझं घर पुरं होऊन दोन वरसं झाली. मी अजून आत पाय ठेवला न्हाई. रोज फोनवर बघतो, पन फोनवर घर कळत न्हाई. तुमी दोन राती ऱ्हावा. सकाळचं ऊन कुठनं येतं, वारं कुठल्या खोलीत लागतं, पहाटं कशाचा आवाज येतो, ते बघा अन् मला सांगा. आमची हमीदा सगळं चांगलंच सांगती."

तीन वर्षांपूर्वी ते सुट्टीवर गेले होते तेव्हा घर जोत्यापर्यंत आलं होतं. त्यानंतरची सुट्टी त्यांनी घेतलीच नाही. सुट्टीऐवजी पैसे घेतले आणि ते फरशीला घातले.

सुपा

पुण्याहून पहाटे निघालेली एसटी सुप्यापर्यंत नीट आली आणि तिथे रस्त्याच्या कडेला थांबली ती पुन्हा चालू होईना. कंडक्टर म्हणाला, "मागची गाडी येईल. तोवर चहा घ्या."

जानेवारीची सकाळ होती. धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. एमआयडीसीच्या बाजूने रात्रपाळी संपलेली माणसं येत होती आणि रस्ता ओलांडताना झोपेतच चालल्यासारखी दिसत होती. चहाच्या टपरीच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, हातात मोबाईल. ती ओडिशाची, नाव मालती. तिने मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. फोन माझ्यापुढे धरला.

"दीदी, मेरा घर देखो."

तळ्याकाठी एक गुलाबी घर होतं. इतकं गुलाबी, की तळ्याचं पाणीही गुलाबी झालं होतं.

"मैं बोली थी पीला लगाओ," ती म्हणाली. "देवर ने गुलाबी लगा दिया. पैसा मेरा, रंग उसका." आणि ती हसली. मग जरा काळजीने विचारलं, "अच्छा दिखता है ना?"

"छान आहे," मी म्हटलं.

"छान," तिनेही म्हणून बघितलं. घरी जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. दारात सासूजवळ उभी असलेली मुलगी तिने बोटांनी मोठी करून दाखवली. चहा संपला तशी ती उठली. "अब सोऊँगी. सपने में वहीं जाती हूँ. टिकट नहीं लगता."

ती गेली त्या दिशेला बराच वेळ बघत राहिले. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, असं मी ऐकून होते. आता इथे ओडिशाची माणसं आली होती, आणि इथून साठ-सत्तर मैलांवरचा एक माणूस मस्कतला डाळ ढवळत होता. सगळे एकेक गाव पुढे सरकलेत आणि आपापल्या मूळ जागी एकेक घर बांधून ठेवतायत, असं काहीसं त्या धुक्यात मला वाटत राहिलं. मागची गाडी आली तेव्हा कंडक्टरला मला दोनदा हाक मारावी लागली.

नगर ओलांडून

नगरला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात स्टँडजवळ शिपी आमटी खाल्ली. आमच्या कराडकडे आमटीला तिखटाची सवय आहे, पण ही आमटी काळ्या मसाल्याची, पहिल्या घासाला गप्प बसलेली आणि तिसऱ्या घासाला कानापर्यंत पोचणारी. पाणी पिताना लक्षात आलं, की पायाशी ठेवलेल्या पिशवीतून गुलाबपाण्याचा आणि केशराचा वास येतोय. हलव्याच्या डब्याचं झाकण निसटलं होतं. ओमानचा हलवा म्हणजे चिकट, लोण्यासारखा सरकणारा पदार्थ. तो शालीच्या एका टोकावर पसरला होता आणि त्याला उदाचे खडे चिकटले होते. स्टँडच्या नळावर मी ते टोक धुतलं. धुताना दोन कुत्री आणि एक आजोबा माझ्याकडे बघत उभे राहिले. आजोबा म्हणाले, "कंचं अत्तर हाय हो, बाई?"

राहुरीच्या रस्त्याला ऊसच ऊस. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यांतून दोन्ही बाजूंना लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि मागे आमची बस, त्याच चालीने. उसाची पानं खिडकीला घासून जायची. दुपारच्या उन्हात, त्या संथ गाडीत, साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास घेत मी अर्धवट जागी होते आणि सारखी एक गोष्ट मनात येत होती. ती इथे सांगून टाकते.

युनूसभाईंना मधुमेह आहे. त्यांच्या उजव्या पायाच्या तळव्याला जखम होती आणि ती भरत नव्हती. मी निघण्याआधी दोन महिने, ड्युटी संपल्यावर, मी त्यांचं ड्रेसिंग करत होते. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की दिवसभर उभं राहायचं काम सोडा, नाहीतर पाय जाईल. युनूसभाई म्हणाले, "चार वरसं. वरचा मजला झाला की सोडतो." आणि मला म्हणाले, "घरी बोलू नका, सिस्टर. तुमाला तुमच्या आईची शपथ." माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

घर

बेलापूरच्या बाहेर, कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला ते घर आहे. पांढुरकं, हिरव्या ग्रिलचं, तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. हमीदाभाभी फाटकात उभ्या होत्या. बारीक अंगकाठी, डोक्यावरून पदर, हात नुकतेच पिठातून काढलेले.

"या ताई. बस बंद पडली म्हनं. सुप्यात लई येळ गेला का?"

मी फोनवर फक्त 'उशीर होईल' म्हटलं होतं. त्यांनी उरलेलं स्टँडवर चौकशी करून काढलं असावं. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात आणि मग गप्पा. इथे पाणी आलं, चहा आला, भाकरी आली, वांग्याची भाजी आली, आणि मी हात धुऊन बसल्यावर त्या समोर येऊन म्हणाल्या, "आता सांगा. कसे हायेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं आणि शाल पुढे केली. त्यांनी ती नाकाशी धरली. हलव्याची हकीकत ऐकून त्या इतक्या हसल्या, की पदर तोंडाला लावावा लागला. मला वाटलं, बरं झालं डबा सांडला.

माझी झोपायची सोय पुढच्या खोलीत केली होती. ती युनूसभाईंची खोली. पलंग नवा, कपाट नवं, भिंतीवर मक्केचं चित्र. गादीवर दुकानातून आलं तेव्हाचं प्लास्टिक तसंच होतं.

"त्यांनी आल्यावर काढायचं," भाभी म्हणाल्या. "तुमाला टोचंल. काढू का?"

"राहू द्या," मी म्हटलं. त्यावर त्यांनी एक जाड गोधडी पसरली. मी जरा कुशीवर वळले की गोधडीखाली प्लास्टिक कुरकुरायचं. भाभी स्वतः स्वयंपाकघराजवळ जुन्या बाजेवर झोपत होत्या. या खोलीत त्या रोज फक्त केर काढायला यायच्या.

दिवेलागणीला मी युनूसभाईंना फोन लावला. मागे मोठाल्या पातेल्यांचा आवाज येत होता.

"सकाळचं ऊन उद्या सांगते," मी म्हटलं. "आत्ता संध्याकाळचं ऐका. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावळतीचा उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर कपांच्या सावल्या पडतात. कारखान्याच्या चिमणीची काजळी उडत येते. दोरीवरच्या कपड्यांवर बसते, पण आवाज न करता, काळ्या पिसांसारखी. वारं तुमच्या खोलीत लागतं. फाटकाजवळच्या शेवग्याची पानं त्या वाऱ्यात उलटी होतात."

"शेवगा? कुठला शेवगा?"

मी भाभींकडे पाहिलं. "म्याच लावला," त्या म्हणाल्या. "फोन फिरवून घर दावताना फाटकाचं हे अंग कदी येत न्हाई त्यात."

"केवढा हाय?" युनूसभाईंनी विचारलं.

"माझ्या दुप्पट," मी म्हटलं.

ते म्हणाले, "अजून सांगा." मी सांगत गेले. पायऱ्यांची उंची, नळाची धार, जिन्याखाली ठेवलेली सायकल. एखाद्याला झोप यावी म्हणून हळू आवाजात गोष्ट सांगावी तसं ते झालं होतं. शेवटी ते म्हणाले, "वरचा मजला झाला ना, सिस्टर, की वरनं कालवा दिसंल. आमच्या पोरीच्या, सनाच्या लग्नापातूर करतो. चार वरसं."

मी "हं" म्हटलं. त्यांच्या पायावर या वेळी पट्टी होती की नव्हती, हे विचारता आलं नाही. भाभी शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या.

रविवार

पहाटे आधी अजान, मग कारखान्याचा भोंगा, मग उसाच्या फडातून कोयत्यांचा आवाज. ऊन पुढच्या खोलीत आलं ते थेट पलंगाच्या पायथ्याशी. फडाकडे मात्र धुकं अजून इतकं दाट होतं की ऊस नुसता ऐकू येत होता.

धुक्यातून एक बाई आली. डोक्यावर दोन कळश्या, कमरेला पदर खोचलेला. शेजारच्या फडात पाथर्डीकडची ऊसतोड टोळी उतरली होती. त्यातली ही केसरबाई. भाभींच्या बोअरचं पाणी न्यायला ती रोज सकाळी यायची आणि पाच मिनिटं ओट्यावर टेकायची. भाभी तिला चहा द्यायच्या.

"ह्या मस्कतहून आल्यात," भाभींनी सांगितलं.

केसरबाईने मला निरखून पाहिलं. "तिकडं ऊस हाय का?"

"नाही. समुद्र आहे आणि डोंगर."

"मंग आमचं तिकडं काय काम न्हाई," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "आमी समदं घर उचलून आणतो बगा. लेकरं, भांडी, कोंबड्या. तिकडं घराला कुलूप. परत गेल्यावर पयल्यांदा मुंग्या झाडायच्या."

"तेवढं बरं," भाभी म्हणाल्या. "मालक तरी संगं हाय तुझा."

"हाय की. दिवसभर मोळ्या बांधतो. सांजंला तुकडा खाल्ला की आडवा. बोलत काय न्हाई." तिने चहाचा कप विसळून ठेवला. "पन घोरतो. घोरलेलं ऐकू येतंय, तेवढंच."

भाभी हसल्या नाहीत. केसरबाई कळश्या घेऊन परत धुक्यात गेली, आणि त्या कितीतरी वेळ रिकाम्या ओट्याकडे बघत होत्या.

दुपारी सना आली. युनूसभाईंची एकुलती एक मुलगी, राहुरीला शेतकीच्या शेवटच्या वर्षाला. तिचा जन्म युनूसभाई मस्कतला गेल्यानंतरचा नाही, थोडा आधीचा. ते गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. जेवायला डाळ-मटणाचा दालचा आणि भात होता. सनाने माझ्या ताटात लिंबू पिळलं आणि एकदम म्हणाली, "मावशी, मी एकदा सगळ्या सुट्ट्या जोडून बघितल्या. अब्बा मस्कतला गेल्यापासून मी त्यांच्याबरोबर एकूण सव्वा वर्ष राहिलेय. ते म्हणतात, वरचा मजला तुझा. मला कोणी विचारलंच नाही, मला वरचा मजला हवाय का."

"जेव," भाभी म्हणाल्या.

संध्याकाळी भाभी मला गच्चीवर घेऊन गेल्या. चिमणीतून निघालेला धूर आकाशात आडवा पसरला होता आणि त्यामागे सूर्य तांब्याच्या घंगाळासारखा दिसत होता. प्रवरेच्या अंगाने धुकं परत जमायला लागलं होतं. गच्चीच्या कडेने, प्रत्येक खांबावर, माणसाच्या उंचीच्या सळया उभ्या होत्या. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या. गंजून लाल झालेल्या.

भाभींनी एक सळई मुठीत धरली. "ताई, ह्या हायेत तवर ते येत न्हाईत."

मी शेजारची सळई हलवून पाहिली.

"आधी जागा घ्यायची हुती. म्हनले, जागा झाली की येतो. मग जोतं. मग भिंती. मग बोअर, फरशी, फाटक. दर खेपंला म्हनले, एवढं झालं की येतो. मला काय कळत न्हाई व्हय? तिकडची सवय लागलीया. हितं येऊन काय करायचं, ही भीती बसलीया त्यांच्या पोटात. म्हनून घर पुरंच हू देत न्हाईत." त्यांनी सळई सोडली आणि हाताचा गंज झटकला. "तुमचं ऐकतील. तुमी सांगा."

"सांगते," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

त्या माझ्याकडे वळल्या. "त्यांच्या पायाला काय झालंय?"

मी खाली शेवग्याकडे बघायला लागले.

"ऱ्हाऊ द्या. तुमाला शपथ घातली आसंल. दोन वरसं झाली, फोनवर चहा पितात पन बिस्कीट बुडवत न्हाईत. हा मानूस एका कपात पाच बिस्किटं बुडवायचा. अन् आधी फोन घेऊन सगळीकडं हिंडायचे, ही भट्टी, ती खिडकी. आता बसूनच बोलतात. कदी पाय दिसत न्हाईत."

"भाभी, तुम्हाला कळत होतं, तर विचारलं का नाही?"

"मला म्हाईत न्हाई असं त्यांना वाटतं. तेवढ्यावर त्यांना झोप लागती. कशाला मोडू?"

खाली सना कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मी सळयांच्या मधल्या कट्ट्यावर बसले आणि कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट भाभींना सांगितली. मी मस्कतला गेले तेव्हा आई कराडला एकटी होती. मी तिला वॉशिंग मशीन घेऊन दिलं, मग फ्रीज, मग उन्हाळ्यात एसी. दर वेळी तिला विचारायचे, आवडलं का? ती म्हणायची, छान आहे. ती वारल्यावर तिच्या घरात पाहिलं, तर एसीवर तिने विणलेलं कव्हर होतं आणि ते एकदाही काढलेलं नव्हतं. ती गेली तेव्हा मी ड्युटीवर होते. तिला मी फोनच्या पडद्यावर शेवटचं पाहिलं, आणि मध्ये दोनदा चित्र थांबलं.

भाभींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला पिठाचा आणि लसणाचा वास होता. आम्ही अंधार पडेपर्यंत तशाच बसलो.

सोमवार

माझी बस दुपारची होती. अकराच्या सुमारास, मस्कतच्या इस्पितळात नाश्त्याची भांडी आवरून झाली असतील अशा हिशोबाने, मी युनूसभाईंना व्हिडिओ कॉल लावला. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. गावातला वेल्डिंगवाला, मागे ग्राइंडरची पेटी बांधलेली. भाभींनी त्याला काही न बोलता जिना दाखवला. मला त्यांनी काही सांगितलेलं नव्हतं. सना मात्र ओठ दाबून हसत होती.

युनूसभाई पडद्यावर आले. "हां सिस्टर, सकाळचं ऊन?"

"तुमच्या पलंगावर येतं," मी म्हटलं. आणि मग, बोलणं नेईल तिकडे जाऊ दे म्हणून, बोलत गेले. "युनूसभाई, दोन दिवस राहिले. घर पुरं झालंय. काही कमी नाही. तुमच्या गादीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, तुम्ही काढाल म्हणून. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण माझी आई गेली तेव्हा मी तिथे तुमच्याच इस्पितळात होते. मी पाठवलेलं सगळं तिच्या घरात होतं. मीच नव्हते. तुम्ही चार वर्षं थांबू नका."

ते काही बोलणार, तेवढ्यात वरून ग्राइंडर सुरू झाला.

"आवाज कसला?"

सनाने माझ्या हातातून फोन घेतला आणि जिना चढली. मी मागोमाग. पहिल्या खांबाशी ठिणग्यांचा फवारा उडत होता, भर उन्हातही दिसेल असा. भाभी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

ती दोघं एरवी एकमेकांशी दखनी उर्दूत बोलत. त्या दिवशी, मला समजावं म्हणून की आणखी कशाने, दोघंही मराठीत भांडली.

"अगं, काय चालवलंस! थांबीव त्याला!"

"घर पुरं करतीय."

"डोकं फिरलं का तुझं? लोखंडाचा भाव म्हाईत हाय का?"

"तुमच्या पायाचा काय भाव हाय, ते सांगा आधी."

पडद्यावरचा चेहरा तसाच थांबला. मला क्षणभर वाटलं, नेटवर्क गेलं. पण त्यांच्या मागे पंखा फिरत होता.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "तुमी सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही बिस्कीट बुडवत नाही, यावरून त्यांनी ओळखलं."

पहिली सळई खाली पडली. मग दुसरी. वेल्डिंगवाला मधेच थांबून म्हणाला, "भाभी, कोपऱ्यातल्या चार ठेवू का? दोरी बांधायला येतील."

"न्हाई. समद्या."

युनूसभाईंनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला असावा, कारण आता ते कमरेपासून दिसत होते. त्यांनी दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला. मागून कोणीतरी त्यांना अरबीत हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. गच्चीवर एकेक सळई पडत होती आणि ते बघत होते. इतका वेळ, की सनाचा हात अवघडला आणि तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"हमीदा," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"कापलं तिथं लगीच रंग मारून घे. न्हाईतर गंज स्लॅबमधी उतरंल."

भाभींनी वेल्डिंगवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "डबा आणलाय." आणि तेव्हा पहिल्यांदा भाभींचे डोळे भरले.

परतताना

परतीची बस सुरळीत चालली, त्यामुळे सांगण्यासारखं काही घडलं नाही. मळीचा वास राहुरीपर्यंत सोबत होता. माझ्या मांडीवर भाभींनी दिलेली शेवग्याच्या कोवळ्या पानांची पुडी होती, आणि मी बहुतेक वेळ झोपेत होते. झोपेत मला एकामागून एक घरं दिसली, रंगवलेली, झाडलेली, कुलूप लावलेली, आणि प्रत्येकात कोणीतरी नुकतंच येऊन गेल्यासारखं वाटत होतं.

पुढचं सगळं सोपं झालं नाही. युनूसभाईंनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही. आठवडाभर ते भाभींशी बोललेच नाहीत, फक्त सनाला निरोप द्यायचे. मग एका शुक्रवारी त्यांनी मला फोन करून विचारलं, की नगरला पायाचा चांगला डॉक्टर कोण. मी एक नाव शोधून कळवलं. कागदपत्रं अडकली, पासपोर्ट मालकाकडे होता, तो मिळायला आणखी काही आठवडे गेले. ईदच्या चार दिवस आधी ते विमानात बसले. जखम अजून भरलेली नव्हती, पण पाय होता.

ते पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मला भाभींचा फोन आला.

"आले?" मी विचारलं.

"आले. पाव्हन्यासारखे बसलेत खुर्चीवर, टेकून सुदिक न्हाई. मघाशी मला विचारलं, पेला कुठं हाय? पानी प्यायचंय."

"मग?"

"म्या म्हनलं, शोधा."

फोनमध्ये मागे कपाटांची दारं एकापाठोपाठ एक उघडल्याचे आवाज येत होते. आम्ही दोघी ते ऐकत राहिलो.